न्हाणीघरातली हिरवी तार

मी जवळजवळ तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं. तालुक्यांतून भुताखेतांच्या बातम्या नेहमी येत. बेटम्याच्या वार्ताहराने एकदा विहिरीतून रडण्याचा आवाज येतो म्हणून दोन कॉलम मजकूर पाठवला होता. मी फोनवर त्याला तीन प्रश्न विचारले. कोणी ऐकलं, किती वाजता, आणि बरोबर दुसरं कोण होतं? तिसऱ्या प्रश्नाला बातमी कोसळली. अशा बातम्या नेहमी तिथेच कोसळत.

तेव्हा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं म्हणणंही बरोबर नाही. विश्वासाचा प्रश्नच येत नसे. तो मजकुराचा एक प्रकार होता, आणि तो कापायचा असे.

खाली जे लिहितो आहे त्याला मी तेच तीन प्रश्न लावून पाहिले आहेत. तिन्हींची उत्तरं आहेत. म्हणूनच लिहितो आहे.

आमचं घर इंदूरला परदेशीपुऱ्यात. पुढे ओटा, मग दोन खोल्या, मागे लहानसं अंगण आणि अंगणाला लागून न्हाणीघर. ओट्यापासून अंगणापर्यंत एक सरळ बोळ जातो. या बोळाच्या मध्यावर उभं राहिलं की एका बाजूला ओटा दिसतो, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर. ही जागा पुढे महत्त्वाची आहे.

माझे वडील — आम्ही त्यांना नाना म्हणत असू — एका कापड मिलच्या पॉवर हाऊसमध्ये वायरमन होते. मिल एकदम बंद पडली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं थांबलं, मग वीज कापली गेली. गेटला टाळं नंतर लागलं, पण नानांची नोकरी वीज कापली त्या दिवशीच संपली. त्यांचे सोबती ऑटो चालवायला लागले, कोणी भाजीची गाडी लावली. पलासियाला तेव्हा काचेची नवी दुकानं उघडत होती, त्यांतून रंगीत टीव्ही आणि वॉशिंग मशीनचे खोके टेम्पोत चढत होते. नानांनी काहीच केलं नाही. घरगुती वायरिंगची कामं चालून येत, पण ते म्हणत, "ते काम नाही, ठिगळ आहे."

एक काम मात्र त्यांनी सोडलं नाही. आमच्या घराची अर्थिंग त्यांनी नळाला दिली होती. त्या काळी बहुतेक घरांत तशीच असे. लोखंडी पाइप गल्लीखालून लांबवर जमिनीत गेलेला, त्याहून चांगली अर्थिंग कुठली? न्हाणीघरात पाइपला एक क्लॅम्प आवळला होता आणि त्यातून हिरवी तार सॉकेटच्या बोर्डापर्यंत नेली होती. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो माणसातून जाण्याऐवजी या तारेतून नळात आणि नळातून जमिनीत जाई.

दर रविवारी सकाळी आंघोळीआधी नाना टेस्ट लॅम्प काढत. साठ वॅटचा बल्ब, होल्डर आणि होल्डरला दोन तारा, एवढीच वस्तू. एक तार सॉकेटच्या फेजमध्ये, म्हणजे करंटच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग ठीक. मिणमिणला तर कमजोर. नाही पेटला तर अर्थिंग नाही. मिलमध्ये हे महिन्याला एकदा होई, घरी ते दर आठवड्याला करत.

माझी बायको सुनंदा म्हणे, "चला, नानांची रविवारची आरती सुरू झाली."

"आरतीनं शॉक थांबत नाही, सूनबाई," नाना म्हणत.

मिल बंद झाल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात नळाला तांबडं पाणी यायला लागलं. नाना तेव्हा पंधरा दिवसांसाठी माझ्या बहिणीकडे देवासला गेले होते. मी मिस्त्री बोलावला. त्याने पाइपवर पान्हा आपटला, तर गंजाचे पापुद्रे खाली पडले.

"भिया, ये तो अंदर से पूरा सड़ गया," तो म्हणाला. "प्लास्टिक डलवा लो. न जंग, न झंझट."

"एक दिन में हो जाएगा?"

"शाम की चाय अपन नए नल के पानी की पिएँगे."

खरोखरच संध्याकाळी त्याने चहा प्यायला. गल्लीतल्या जोडणीपासून न्हाणीघरापर्यंत सगळी लाइन प्लास्टिकची झाली. फक्त एक हातभर जुना पाइप त्याने भिंतीत तसाच ठेवला होता — क्लॅम्पचा. दोन्हीकडून कापून, तोंडं सिमेंटने बंद करून, त्यावर टाइल बसवली होती.

"नानाजी की तार बँधी थी," त्याने खुलासा केला. "मैंने हाथ नहीं लगाया."

मोहल्ल्यात नानांच्या वायरिंगला कोणी हात लावत नसे. आदर म्हणून. त्या आदरापोटी ती तार लोखंडाच्या एका तुकड्याला बांधलेली राहिली, ज्याच्या ना अलीकडे काही होतं ना पलीकडे. मी तिथेच उभा होतो. मिस्त्री समजदार आहे, असंच मला वाटलं. पाइप म्हणजे पाणी, याच्या पुढे माझं डोकं गेलं नाही.

नाना देवासहून परतले, हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि पांढऱ्या पाइपसमोर थांबले.

"हे कधी?"

"मागच्या बुधवारी."

"अन् तार?"

"तशीच आहे. कोणी हात नाही लावला."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. डेस्कवर अशी वाक्यं मी लांबून ओळखत असे.

पुढच्या रविवारी नानांनी टेस्ट लॅम्प लावला तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. बल्ब लख्ख पेटला. नाना नेहमीपेक्षा जास्त वेळ बल्बकडे पाहत राहिले. मग त्यांनी नव्या टाइलकडे पाहिलं. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि तारा गुंडाळून लॅम्प खिळ्याला टांगला.

दिवाळीत आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. पत्र्याच्या बॉडीचं, दोन टबांचं. दुकानाचा माणूस ते अंगणात ठेवत होता, तिथल्या सॉकेटला अर्थिंग नव्हती. नानांनी ते न्हाणीघरात हलवायला लावलं आणि सुनंदाला बजावलं, "याच सॉकेटमध्ये लावायचं. दुसरीकडे नाही. मी सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही."

मशीन चालू असताना ते ओट्यावर जाऊन बसत. मला वाटे, आवाजाचा त्रास होतो.

हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला झिणझिण्या यायला लागल्या. बोटांपासून कोपरापर्यंत. पाऊण-एक तास राहत, मग जात. पलासियाच्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि वयोमानाने नसा कमजोर होतात म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडला नाही. सुनंदा शाळेत शिक्षिका होती, तिला नोंदी ठेवायची सवय. झिणझिण्या आल्या त्या दिवशी ती कॅलेंडरवर फुली मारू लागली. दोन महिन्यांनी तेच कॅलेंडर घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. फुल्या एक दिवसाआड होत्या. शिवाय दर रविवारी एक.

डॉक्टर हसले. "नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. आजार काही महापालिकेचं टाइमटेबल वाचत नाही."

ते गमतीने म्हणाले होते. पाणी येई त्या दिवशी सुनंदा मशीन लावत असे. पण हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. आम्हीही हसलो.

मे महिन्यात मशीन घरघरायला लागलं. दुरुस्तीला युसूफ आला. मोहल्ल्यातलाच, नानांना उस्ताद म्हणणारा. सकाळचे दहा वाजून गेले होते. माझी पाळी दुपारी चारची, त्यामुळे मी घरी होतो. न्हाणीघरात जागा पुरेना म्हणून युसूफने मशीन अंगणात ओढलं, तिथल्या सॉकेटमध्ये पिन घातली, बटण दाबलं आणि मोटरचा आवाज ऐकायला पत्र्यावर हात ठेवला.

तो मागे फेकला गेला. पाठ भिंतीवर आपटली. मी बटण बंद केलं.

बराच वेळ तो हात झटकत बसला. मग त्याने मागचं झाकण उघडलं. मोटरच्या तारेचं प्लास्टिक उंदराने कुरतडलं होतं आणि तिथे ओल साचून काळा थर जमला होता. थर जुना होता.

"भिया, ये आज का नहीं है. महीनों से बॉडी में करंट आ रहा है. फ्यूज उड़े इतना नहीं," तो म्हणाला, "आदमी मरे इतना. भाभी गीले पैर से चलाती हैं?"

सुनंदा ओट्यावर नानांशेजारी तांदूळ निवडत बसली होती. हो, ती ओल्या पायांनीच मशीन लावत असे, ओल्या हातांनी. कितीतरी महिने. तिला एकदाही मुंगी चावल्याइतकासुद्धा झटका बसला नव्हता.

"तो न्हाणी की अर्थिंग ने बचाया," युसूफ म्हणाला. "उस्ताद का काम है. कहाँ दी है अर्थिंग?"

"नल में," मी म्हणालो. आणि तोंडातून शब्द बाहेर पडताना मला पहिल्यांदा ते ऐकू आलं.

युसूफने पांढऱ्या पाइपकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याने नानांचा टेस्ट लॅम्प खिळ्यावरून काढला, एक तार फेजमध्ये, दुसरी अर्थिंगमध्ये घातली आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

बटण बंद करून त्याने टाइल फोडली. आत हातभर पाइप, दोन्ही तोंडं सिमेंटने बंद. आजूबाजूची वीट कोरडी, भुकटी होणारी. त्याने क्लॅम्पचा स्क्रू सैल केला आणि हिरवी तार पाइपपासून सोडवली. तिचं टोक भोकातून बाहेर हवेत लोंबत राहिलं. कशालाही न लागता.

"अब देखो. अब नहीं जलेगा," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

बल्ब लख्ख पेटला.

त्याच वेळी ओट्यावरून सुनंदा ओरडली, "अहो, नानांचा हात बघा!"

मी बोळात आलो. नानांच्या डाव्या हातात पेपर होता. उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता, बोटं आत वळलेली, मनगट ताठ. चेहरा शांत होता. ते पेपरच वाचत होते. मी मागे वळून ओरडलो, "बंद कर!" बल्ब विझला. हात मांडीवर आला.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी फार कमी लोकांना सांगितली आहे.

मी युसूफला पुन्हा लावायला सांगितलं.

मी बोळाच्या मध्यावर उभा होतो. तिथून बल्बही दिसत होता आणि नानाही. एकदा म्हणजे योगायोग. बल्ब पेटला, हात उचलला गेला. बल्ब विझला, हात खाली. माझ्या घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेही मी पाहून ठेवलं. मग मी म्हणालो, "एक बार और."

"भिया, छोड़ो," युसूफ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"एक बार."

तिसऱ्या वेळी नानांच्या बोटांची नखं तळव्यात रुतलेली मला लांबून दिसली. सुनंदाने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर नानांनी पेपरने तो बाजूला सारला. बल्ब विझल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली.

"झालं का चेकिंग तुझं?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

मी ओट्यावर जाऊन त्यांच्यासमोर बसलो. हयातभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस मी. शेवटी म्हणालो, "नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी मालूम झालं. प्लास्टिकच्या नळावर बल्ब पेटतो का कधी? पेटला, अन् हातात सणक आली. म्हटलं, बरं."

"बरं काय? सांगायचं ना! त्याच दिवशी खड्डा खणला असता."

"तू विचारलं असतं तर सांगितलं असतं."

नानांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, जशी एखादी वस्तू ठेवावी.

"मिल सुटल्यापासून कोणी ड्यूटी लावली नव्हती रे," ते म्हणाले. "ही लागली. दिवसाआड एक तास. भारी नव्हती."

सुनंदा ताट घेऊन आत निघून गेली. दुपारी मी कामाला निघालो तेव्हा दारात म्हणाली, "तुम्हाला एकदा पुरलं नाही?"

दुसऱ्या दिवशी युसूफने आणि मी अंगणात खड्डा खणला. कमरेएवढ्या खोलीवर मुरूम लागला, तो पहारीने फोडावा लागला. नाना खुर्ची टाकून बसले होते. लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं.

"मीठ टाकून राहिला की वरणात फोडणी देऊन राहिला?" नाना युसूफवर ओरडले. "डाल ना बराबर!"

"डाल रहा हूँ, उस्ताद. समंदर थोड़ी बनाना है."

पाण्याचा पहिला तांब्या नानांनी ओतला, डाव्या हाताने. नवी तार बोर्डाला जोडली, जुनी बोर्डातून काढून टाकली. बल्ब लख्ख पेटला. नानांसकट आम्ही तिघांनीही बल्बकडे पाहिलं नाही. आम्ही नानांच्या हाताकडे पाहत होतो. हात मांडीवर होता.

"ठीक आहे," नाना म्हणाले. पण त्यांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.

त्यानंतर त्या हाताला झिणझिण्या कधी आल्या नाहीत. दुसरंही काही जाणवेनासं झालं. गरम कप धरला तरी त्यांना चटका कळत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रिटायर झाला." कॅलेंडरवर सुनंदाने पुन्हा फुली मारली नाही.

मी ही हकीकत एका परिचित विद्युत अभियंत्यांना सांगितली. ते म्हणाले, तार भिंतीतून येताना कुठेतरी ओलीला लागत असेल. शक्य आहे. पण मे महिन्यातल्या कोरड्या विटेच्या ओलीवर साठचा बल्ब लख्ख पेटतो का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सहसा नाही. हाताबद्दल त्यांनी म्हटलं, तो माझा विषय नाही. हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं.

नाना दोन वर्षांनी गेले. वयाने गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दहाव्या दिवशी सकाळी युसूफ भेटायला आला. ओट्यावर सुनंदाजवळ बसला, नानांच्या दोन गोष्टी सांगून तिला थोडं हसवलं. मग हात धुवायला मागे गेला, मी बरोबर होतो. फोडलेली टाइल आम्ही बसवली नव्हती. भोकातून हिरव्या तारेचं टोक बाहेर आलेलं होतं. दुसरं टोक बोर्डाखाली मोकळं. लॅम्प खिळ्यालाच होता.

युसूफने लॅम्प काढून हातात घेतला.

"भिया," तो हळूच म्हणाला, "एक बार देख लें?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांना हेच सांगत आलो होतो, की एकदा खात्री करून घ्या. आणि त्या वेळी खात्री करणं अगदी सोपं होतं: लॅम्पची एक तार फेजमध्ये, दुसरी त्या हिरव्या टोकाला. बल्ब नाही पेटला, तर ते नानाच होते हे पक्कं होणार होतं, आणि मी त्यांच्या हाताला पुन्हा पुन्हा काय सोसायला लावलं हेही. पेटला, तर मला बोळाच्या मध्यावर जाऊन ओट्याकडे पाहावं लागलं असतं.

ओट्यावर सुनंदा एकटी बसली होती.

"रहने दो," मी म्हणालो.

मी तारेच्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली, नानांनी शिकवली होती तशी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. त्याच आठवड्यात टाइल बसवून घेतली. तार अजून भिंतीत आहे. लॅम्प कपाटात आहे, बल्बसकट.

कोणी पाहिलं, किती वाजता, बरोबर कोण होतं — हे सगळं मी वर लिहिलं आहे. कारणाच्या जागी लिहायला माझ्याकडे आजही ओळ नाही. आणि चौथ्यांदा मी तपासलेलं नाही.